‘प्रमेय दोन वर्षांनी जुनंच निघालं, आता काय करू?’

प्रश्न

मॅडम, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. गणितात एमएस्सी केलं, सेट झाली आणि तीन वर्षांपूर्वी पीएचडीला नोंदणी केली. तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेते. घरी पाच एकर कोरडवाहू आहे. माझा विषय कोन मेट्रिक स्पेसमधली (कोन म्हणजे इंग्रजीतला cone, शंकू) स्थिरबिंदू प्रमेयं. दोन वर्षं खपून मी एक प्रमेय सिद्ध केलं, सरांनाही आवडलं. गेल्या महिन्यात इंटरनेटवर शोधताना २०१० सालचा एक लेख हाती लागला. दोन रात्री बसून पाहिल्यावर लक्षात आलं की त्यातली युक्ती वापरली तर माझं अख्खं प्रमेय जुन्या, साध्या प्रमेयातून चार ओळींत निघतं. सरांना अर्धवट सांगितलं. ते म्हणाले, “छापून टाक, इतकं बारीक कोण पाहतं?” एका जर्नलवाल्यांचा मेल आला आहे, बारा हजारांत पंधरा दिवसांत छापून देतो म्हणतात. आई रोज संध्याकाळी वावरातून आली की विचारते, “आज काई झालं का वं?” तिला काय सांगू? आत्या स्थळं आणते आहे. दोन वर्षं वाया गेली असं वाटतं. सोडून द्यावं का?

– एक संशोधक विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

उत्तर

प्रिय बेटा,

तो पेपर छापू नकोस आणि बारा हजार रुपये कुणाला पाठवू नकोस. हे आधी सांगते, कारण तसल्या मेलमध्ये शेवटची तारीख घातलेली असते आणि माणूस घाईत पैसे भरून मोकळा होतो. बाकीचं सावकाश बोलू.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन घेऊन बसले, कारण तुझा विषय माझ्या विषयाच्या शेजारचाच आहे. ज्या वाचकांची गणिताशी दहावीलाच ताटातूट झाली, त्यांच्यासाठी थोडं सांगते. तलाठ्याकडचा गावनकाशा घ्या आणि गावातच जमिनीवर पसरा. तिरपा टाका, उलटा फिरवा, काहीही करा. त्या नकाशावर एक बिंदू, आणि एकच, असा सापडतो की नकाशात तो जी जागा दाखवतो, बरोबर त्याच जागेवर तो टेकलेला असतो. त्याला स्थिरबिंदू म्हणतात. तो असतोच, ही खात्री स्टेफान बनाख या पोलिश गणितज्ञाच्या प्रमेयातून मिळते. बनाखनं ते आपल्या पीएचडीच्या प्रबंधात मांडलं होतं, १९२२ साली ते छापून आलं. एखाद्या समीकरणाला उत्तर आहे का, आणि असलं तर पायरीपायरीनं तिथवर कसं पोचायचं, हे ठरवायला ते आजही वापरतात. २००७ साली हुआंग आणि झांग या दोघांनी अंतराची कल्पनाच थोडी वेगळी मांडली. दोन बिंदूंमधलं अंतर ही एक साधी संख्या न धरता त्यांनी ते एका शंकूच्या आधारानं मोजलं. हीच कोन मेट्रिक स्पेस. त्यावर पेपरांचा पूर आला. मग २०१० मध्ये तैवानच्या वेइ-शिह दू यांनी दाखवून दिलं की हे नवं अंतर एका विशिष्ट फलनातून (फंक्शनमधून) गाळून घेतलं की साधं अंतर मिळतं, आणि बनाखच्या धर्तीची नवी प्रमेयं जुन्यातच बसतात. तुझ्या हाती लागलेला लेख बहुधा हाच.

त्या पुरात तू एकटी नव्हतीस. तुझ्यासारख्या कितीतरी जणांनी अशी प्रमेयं सिद्ध केली. फरक इतकाच की तू जुना लेख उघडलास आणि त्यातली युक्ती स्वतःच्या प्रमेयावर लावून पाहिलीस. तुला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. परीक्षक बसलेला नव्हता, सरांनी शंका काढली नव्हती. दोन वर्षांच्या कष्टाचं काम आपल्याच हातानं तपासायला बसायचं, तेही रात्री, दिवसभराचे तास घेऊन आल्यावर, याला काय लागतं ते मला माहीत आहे. तुझ्या पत्रात तू हे एका वाक्यात उरकलंस. माझ्या मते तुझ्या तीन वर्षांतलं सगळ्यांत पक्कं काम त्या दोन रात्रींत झालं.

आता माझं सांगते. १९८९ च्या पावसाळ्यात माझा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी शिकवत होते. रविवारी एसटीनं नागपूरला जायचं, ग्रंथालयात जर्नलं काढायची आणि वहीत हातानं उतरवून घ्यायची, कारण झेरॉक्स परवडत नसे. एक दिवस बीएस्सीच्या वर्गात मी सहज एक पायरी ओलांडली, अनंत श्रेणीची बेरीज आणि मर्यादा यांची अदलाबदल केली. मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, हे असं नेहमी चालतं का?” मी म्हटलं, नाही, त्याला अट लागते. आणि तिथंच माझ्या पोटात खड्डा पडला. माझ्या मुख्य लेमामध्ये, म्हणजे प्रबंधाला आधार देणाऱ्या पूरक प्रमेयात, मी हीच अदलाबदल केली होती आणि अट कुठंच तपासली नव्हती.

ती चूक मी आठ महिने लपवली. मार्गदर्शकांनी विचारलं की टाइप करायला दिलंय म्हणायची. घरी सांगितलं नाही. रात्री झोप लागत नसे. शेवटी एकदा धीर करून सरांपुढे कागद ठेवला. त्यांनी दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “मग आता कुठल्या अटीखाली हे चालतं ते शोध.” तेच माझं तिसरं प्रकरण झालं. चूक दुरुस्त करायला मला सात आठवडे लागले. लपवण्यात आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांची मला आजही चुटपुट लागते, म्हणून तुला सांगते, तू महिनाच घालवला आहेस, आता आणखी घालवू नकोस.

तू लिहिलंस की सरांना ‘अर्धवट’ सांगितलं. तो शब्द मी खाली रेघ मारून ठेवला आहे. आपल्याकडे विद्यार्थी मार्गदर्शकांना वाईट बातमी अशीच सांगतात, दारात उभं राहून, निघता निघता, “सर, एक छोटासा डाऊट होता.” सरांनी ते छोटंच धरलं आणि छोटंच उत्तर दिलं. मी त्यांची बाजू घेत नाही, “कोण पाहतं” हे शिक्षकाच्या तोंडी शोभणारं वाक्य नाही. पण त्यांनी त्या चार ओळी पाहिल्यात का? मला वाटतं, नसाव्यात.

म्हणून आधी दोन पानं लिही. पहिल्या पानावर तुझं प्रमेय जसंच्या तसं. दुसऱ्या पानावर दू यांचं फलन, त्यानं मिळणारं साधं अंतर आणि त्या चार ओळी, एकही पायरी न गाळता. फोन करून वेळ घे, आणि जा तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये दुसरं कुणी नाही ना ते पाहा. सल्लागार समितीच्या सादरीकरणात ही गोष्ट पहिल्यांदा काढू नकोस, चार लोकांपुढे कुणालाही माघार घेणं जड जातं. पानं समोर ठेव आणि म्हण, “सर, हे बरोबर आहे का ते तुम्ही तपासून द्याल का?” विद्यार्थ्यानं प्रामाणिकपणे तपासायला दिलेलं गणित बाजूला सारणारा गणिताचा मास्तर मला तरी क्वचितच भेटला. एवढ्यावरही ते छाप म्हणाले, तर नम्रपणे सांग, “सर, मला आता माहीत झालंय, माझ्याच्यानं होणार नाही.” माहीत नसताना छापलं असतं तर ती चूक ठरली असती. आता छापणं म्हणजे खोटं बोलणं.

“कोण पाहतं” यावरून आठवलं. लिओनहार्ड ऑयलर यांनी १७८२ साली एक अंदाज छापला. दहा रांगा, दहा स्तंभ असा चौकोन घ्यायचा. त्यात दहा अक्षरं अशी भरायची की प्रत्येक रांगेत आणि स्तंभात प्रत्येक अक्षर एकदाच येईल. असे दोन चौकोन एकमेकांवर ठेवले तर अक्षरांची प्रत्येक जोडी एकदाच दिसावी. ऑयलर म्हणाले, सहा, दहा, चौदा, अठरा अशा आकाराचे चौकोन घेतले तर हे जमणारच नाही. सहाच्या बाबतीत ते बरोबर होते. बाकी सगळ्या आकारांच्या बाबतीत ते चुकले, हे १९५९ साली राज चंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी सिद्ध केलं, आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. म्हणजे १७७ वर्षांनी पाहिलं, पण पाहिलं. आणि पाहणाऱ्यांतले श्रीखंडे आपल्या नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि पुढे तिथंच शिकवणारे. शेतीच्या प्रयोगांत वाणांची तुलना करायला वावराचे तुकडे याच जातीच्या चौकोनांनी पाडतात, हे बाबांना जरूर सांग.

आता पुढचं गणित. इथं मला जास्त बोलायचं आहे, कारण ‘सोडून द्यावं का’ याचं उत्तर यात आहे.

दू यांनी अंतर गाळून घेतलं. मग गाळणीत वर काय राहिलं? शंकूवरचं अंतर हे एका आकड्यापेक्षा जास्त माहिती बाळगून असतं, आणि त्याचा एकच आकडा केला की त्यातली काही हरवणारच. स्थिरबिंदू आहे की नाही, एवढंच विचारलं तर काही बिघडत नाही. पण दहाव्या पायरीवर आपण उत्तरापासून किती दूर आहोत, आणि कुठल्या दिशेनं किती, हे विचारलं तर? समीकरणांच्या संचात एका अज्ञाताचं उत्तर पटकन जवळ येतं, दुसऱ्याचं रेंगाळतं, आणि एका आकड्याचं अंतर या दोघांना एकाच मापानं मोजतं. पेरोव्ह यांनी १९६४ सालीच अंतराच्या जागी संख्यांचा स्तंभ आणि आकुंचनाचं (बिंदूंमधलं अंतर ठरावीक प्रमाणात कमी करणाऱ्या फलनाचं) प्रमाण सांगणाऱ्या आकड्याच्या जागी सारणी (मॅट्रिक्स) घेऊन काम केलं होतं. ते वाच, आणि मग तुझी अट घेऊन त्रुटीचा अंदाज घटकाघटकानं काढून पाहा. दोन समीकरणांचं एक साधं उदाहरण घे आणि हातानं सोडव. गाळण्याआधीचा अंदाज जास्त नेमका येतो का? आला, तर तुझ्या प्रमेयाचा तो भाग दू यांच्या लेखात मावत नाही.

दुसरी वाट आहे उलटा प्रश्न विचारण्याची. बनाखचं प्रमेय पूर्ण अवकाशात चालतं, म्हणजे अशा स्पेसमध्ये, जिथं एकमेकांच्या जवळ जवळ येत जाणाऱ्या बिंदूंना शेवटी पोचायला बिंदू असतोच. उलट, ज्या अवकाशात प्रत्येक आकुंचनाला स्थिरबिंदू मिळतो ते पूर्ण असलंच पाहिजे का? तर नाही, अपूर्ण असूनही तसं वागणारी अवकाशं आहेत. पण कन्नन यांनी १९६८ साली एक वेगळी अट मांडली, जिच्यात फलन अखंड असण्याचीही गरज नाही. आणि सुब्रह्मण्यम यांनी १९७५ साली दाखवलं की ज्या अवकाशात कन्नन यांच्या अटीतल्या प्रत्येक फलनाला स्थिरबिंदू आहे, ते अवकाश पूर्णच असतं. बघ, बनाखनं जे साधत नाही ते कन्नन यांच्या अटीनं साधतं. दोघंही आपल्या देशातले, आणि प्रश्न किती साधा! तुझ्या प्रमेयातली अट या दोन्हींपैकी कुणासारखी वागते? याचं उत्तर मला येत नाही, म्हणूनच विचारते आहे. तुझ्या अटीत बसणारी आणि स्थिरबिंदू नसलेली फलनं अपूर्ण अवकाशात शोध. एक जरी प्रतिउदाहरण सापडलं तर दिवस कारणी लागला.

शोधाशोध करताना यापुढे क्रम उलटा ठेव. सिद्ध करायला बसण्याआधी शोध. झेडबीमॅथ ही गणिताच्या लेखांची सूची २०२१ पासून सगळ्यांना इंटरनेटवर मोफत खुली आहे, तीत लेखाबरोबर दुसऱ्या गणितज्ञानं लिहिलेली समीक्षाही वाचायला मिळते. तुला दोन वर्षांपूर्वी ही एक गोष्ट कुणी सांगितली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. अर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर लेखाची पहिली प्रत बहुतेकदा मिळते. शोधगंगेवर आपल्या देशातले प्रबंध असतात, तुझ्या विषयावरचे चार तरी उघड. आणि जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या योजनेत सरकारी विद्यापीठांना मोठ्या प्रकाशकांची जर्नलं खुली झाली आहेत. तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन लॉगिनचं विचार, घरून उघडता येतं का तेही विचार. गावात रेंज नसते हे मला ठाऊक आहे. तालुक्याला तास असेल त्या दिवशी पीडीएफ उतरवून घे आणि रात्री निवांत वाच.

नियमांचं थोडक्यात सांगते, कारण भीती बरीचशी तिथून येते. युजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे अशी सक्ती नाही. विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात, तेव्हा तुझ्या विद्यापीठाचा आदेश काढून स्वतः वाच, ऐकीव गोष्टीवर जाऊ नकोस. मुदत सहा वर्षांची. पुनर्नोंदणी केली तर आठ, आणि मुलींना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. तुझी तीन झालीत. राहिलं नोकरीचं. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. सेट तुझ्याकडे आहे. मग पदवीच्या घाईपायी पेपर विकत घ्यायची तुला काय गरज? युजीसीनं मान्यताप्राप्त जर्नलांची केअर यादीसुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे “आम्ही यादीत आहोत” असं त्या मेलमध्ये लिहिलं असेल तर त्याला आता काही अर्थ उरलेला नाही. गणितातली कितीतरी चांगली जर्नलं लेखकाकडून पैसे घेत नाहीत, आपल्या विज्ञान अकादमीचं गणिताचं प्रोसीडिंग्जही घेत नाही. ती वेळ लावतात, आणि तो वेळ कुणीतरी खरंच वाचत असतं म्हणून लागतो.

पैशाची ओढाताण तू लिहिली नाहीस, पण सीएचबी म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे. वर्षातले काही महिने काम, मानधन कधी येईल त्याचा नेम नाही. सीएसआयआर-युजीसी नेट वर्षातून दोनदा असते. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत, पुढे ४२,०००. सेट झालेल्या मुलीला ही परीक्षा डोंगर वाटायचं कारण नाही, तिथं बीजगणित आणि विश्लेषण दोन्ही धुवून घ्यावं लागतं एवढंच. तू ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी प्रवर्गात असशील तर नागपूरची महाज्योती, अनुसूचित जातीत असशील तर पुण्याची बार्टी, यांच्या पीएचडी फेलोशिपच्या जाहिरातींवर नजर ठेव.

आणि एकदा तरी गावाबाहेर जा. नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्स दरवर्षी देशभर प्रशिक्षण शिबिरं घेतं, निवड झाली की प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च तेच करतात. तिथं दोन-तीन आठवडे सकाळी व्याख्यान आणि दुपारी गणितं सोडवायची. तुझं जे झालं ते तुझ्या वयाच्या किती जणांचं झालंय, हे तिथं जेवताना कळेल. घरच्यांना काळजी वाटेल, तर निवडीचं पत्र आणि राहण्याची सोय दाखव, बाबांना एकदा संयोजकांशी फोनवर बोलू दे. मी माझ्या विद्यार्थिनींसाठी असे फोन केले आहेत, काम होतं.

आत्याचं तू एका ओळीत लिहिलंस, मीही एवढंच म्हणते की लग्न करायचं की नाही ते तू ठरव, पण हे प्रमेय मोडलं म्हणून करू नकोस. जो मुलगा पाहायला येईल त्याला पीएचडीची किती वर्षं उरलीत ते पहिल्याच भेटीत सांग. बाळंतपणासाठी आणि मुलाच्या संगोपनासाठी पीएचडीच्या काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, हेही त्या घराला माहीत असू दे.

आता आई. मी हे शेवटी ठेवलं, पण तुझ्या पत्रात मला सगळ्यांत जास्त तेच लागलं. तुझ्या घरात काम डोळ्यांना दिसतं. पऱ्हाटीत दिवसभर वाकून वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो आणि किती किलो झाला ते कळतं. निंदलेलं वावर आणि न निंदलेलं वावर धुऱ्यावरून ओळखता येतं. अशा घरात तू छपरीत कागद घेऊन बसतेस, आणि संध्याकाळी कागद तेवढेच असतात, वर फाडून टाकलेले दोन. आई टोमणा मारत नसते, बेटा. तिला तुझ्या दिवसाचं वजन कळून घ्यायचं असतं, आणि तुझ्याकडे काटा नसतो.

तर तिला खरं सांग. “आज एक वाट चालून पाहिली, पुढं बंद निघाली.” तिला हे तू समजतेस त्यापेक्षा लवकर कळेल. पाऊस लांबला आणि पेरलेलं उगवलं नाही, म्हणून दुबार पेरणी तिनं केलेली आहे. पहिलं बियाणं गेलं, पण वावर नांगरलेलं, वखरलेलं तसंच होतं, त्यातच तिनं पुन्हा पेरलं. तुझंही तेच आहे. शंकू, फलनं, पूर्णता हे सगळं तू दोन वर्षांत शिकलीस. नसतं शिकलीस तर तो २०१० चा लेख तुला वाचतासुद्धा आला नसता.

एखाद्या रविवारी तलाठी ऑफिसातल्या नकाशाची झेरॉक्स आण आणि अंगणात पसर. आईला म्हण, यात आपलं घर दाखव. तिनं बोट ठेवलं की विचार, घर तर इथं अंगणापाशीच आहे, मग हा कागदावरचा ठिपका घराच्या किती जवळ पडला? मग नकाशा थोडा सरकव, फिरव, पुन्हा बघा. बरोबर आपल्याच जागेवर पडलेला ठिपका दोघी मिळून शोधा. नेमका नाही सापडला तरी चालेल, तो आहे एवढं तिला सांग, आणि तो आहे हे न शोधता कसं कळतं ते सांगायचा प्रयत्न कर. माझ्या आईला मी हे कधी सांगितलं नाही. ती गेल्यावर सुचलं.

सरांना भेटलीस की ते काय म्हणाले ते कळव. आणि ती दोन पानं मलाही पाठव, सदराच्या पत्त्यावर, पाकिटावर ‘गणित’ असं लिहून. दुसऱ्या पानावरची तिसरी ओळ मला स्वतःला तपासून पाहायची आहे. तिथं तुला शंकूचा अंतर्भाग (कडा सोडून आतला भाग) रिकामा नसणं लागलं असेल, आणि ते गृहीतक तुझ्या मूळ प्रमेयात होतं की नाही, हे पत्रावरून कळत नाही. नसेल, तर गोष्ट अजून संपलेली नाही.

तुझी,
मॅडम